डाव्या आसनाची मोहीम

स्वस्ति श्री. जे रस्त्यावर जेवले, रस्त्यावर घोरले आणि रस्त्यालाच शिव्या देत म्हातारे जाहले, त्या समस्त ट्रकस्वारांस वंदन करून हे वर्तमान लिहितो. आम्ही कोबारच्या नाक्यावर खाणावळ चालवितो आणि या मुलखातील खरेखोटे सारे आमच्या कढईवरूनच पुढे जाते, सबब कोणी शंका घेऊ नये.

माघ मासी, जेव्हा या दक्षिणेच्या उलट्या मुलखी उन्हाळा ऐन भरात असतो, राजश्री वॉरिक टिंडल, सुभेदार बावीस चाकांचे, हे ब्रोकन हिलहून बिअरची रिकामी पिंपे लादून स्वगृही निंगन गावी कूच करते जाहले. प्रसंग निकडीचा. कन्या ब्रॉनी नर्सिंग शिकावयास सिडनीस निघाली होती, बस सायंकाळी सुटणार होती, आणि निरोपास खासा हजर राहू ऐसा वॉरिकरावांनी शब्द दिला होता. आजवर तिचे वाढदिवस आणि शाळेचे समारंभ जाहले, तेव्हा स्वारी हमेशा दुसऱ्याच गावी असे. म्हणोन हा शब्द मोडता तर बाप म्हणोन तोंड दाखविण्यास जागा उरती ना.

परंतु सरकारचा कायदा सख्त. अमुक तास चालविले की सलग पाव तास विसावा घ्यावा, गाडी तसूभर हलवू नये, आणि याची नोंद पुढ्यातील विद्युत् रोजनिशीत करावी. मग वॉरिकरावांनी माळावर तळ दिला आणि 'विसावा' ही कळ दाबली आणि गारव्यासाठी इंजिन चालू ठेविले आणि चालकाच्या आसनावरच बसोन सँडविचचा समाचार घेतला. विसावा सरत आला, तो शेजारच्या ट्रकच्या शेरिलबाईंनी खिडकीवर थाप मारली.

"काय रे वॉरिक, इंजिन चालू आणि तू स्टिअरिंगमागे? ह्याला कायद्यात काम म्हणतात, शहाण्या!"

"अगं, मी सँडविच खातोय!"

"मग कामावर खातोयस. पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. पुढं तपासणीवाले उभेत."

इतके बोलोन बाई धूळ उडवीत निघोन गेल्या. वॉरिकरावांनी एक शिवी हासडिली, ती बखरीत घालण्याजोगी नव्हे, आणि रोजनिशीतील नोंद मुकाट्याने दुरुस्त केली.

आता पेच ऐसा पडिला. इंजिन बंद करावे तर ट्रकची भट्टी होते. बाहेर उभे राहावे तर सावली नाही आणि माश्यांची फौज नाकातोंडात शिरते. या ट्रकास मागे निजण्याची जागाही नव्हती. राहिले डावे आसन. तेथे बसता इंजिन चालू असले तरी विसावाच धरितात. परंतु त्या गादीवर क्वीनी बेगम विराजमान होत्या, जात निळी हीलर कुत्री, वय पोक्त, आणि त्यांनी ते आसन आजतागायत कोणासही दिधले नव्हते.

मग मोहीम सुरू जाहली. प्रथम सामोपचार केला, बेगमेने जांभई दिली. मग उरले सँडविच नजर केले, ते बेगमेने खाली उतरोन स्वीकारिले आणि स्वारी चढण्याआधी पुन्हा गादीवर. मग वॉरिकरावांनी ढकलोन पाहिले, तो दात दिसले. सूर्य कलला. वॉरिकराव घामाघूम होऊन मागे हटले आणि लाज सोडोन कन्येस फोन लाविला, कारण ते जनावर तिने दुधाची बाटली देऊन वाढविले होते.

"डॅड, निघालास ना? की ह्या वेळी पण..."

"तुझी कुत्री उठत नाहीये गं."

"फोन तिच्या कानाला लाव. क्वीनी! ऊठ! लाज नाही वाटत?"

हुकूम पोचताच बेगम गादी खाली करोन पायाशी येऊन बसली. वॉरिकरावांनी डावे आसन काबीज केले आणि कळ दाबली. फोन मात्र कोणीच ठेविला नाही. पाव तास बापलेकी बोलत राहिली, बहुतेक मोजे किती घेतले आणि वसतिगृहात जेवण कसले, याविषयीच. इतके सलग बोलणे त्यांचे पूर्वी कधी जाहले नव्हते.

मग विसावा पुरा जाहला आणि तपासणीवाल्यांनी नोंदी पाहोन वाट दिधली आणि बस सुटण्याआधी स्वारी निंगनास दाखल जाहली. ब्रॉनीने आधी कुत्रीस मिठी मारिली, मग बापास. "डॅड, चक्क आलास!" इतकेच ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. फत्ते जाहली.

बस दिसेनाशी झाली तेव्हा भार्या लीनबाई म्हणाल्या, "चल, घरी जाऊ. जेवण गार होतंय."

वॉरिकराव थांब्याच्या बाकावर बसले. "जाऊ गं. पाव तास बसू दे जरा."

लीनबाई शेजारी बसल्या आणि दोघेही मोकळ्या रस्त्याकडे पाहात राहिले. हा विसावा कोणा कायद्याने मागितला नव्हता आणि कोण्या यंत्राने टिपला नाही, सबब येथे नोंदविला असे.