पहिल्या वळणावरची जागा

लेओकाद्याबाईंनी फळीवरची बाटली उतरवली, बूच काढलं, डोळे मिटून एक लांब श्वास घेतला आणि तेवढ्यात दार वाजलं. बाटली तशीच शेगडीजवळ ठेवून त्या दार उघडायला गेल्या. पुढे जे काही झालं ते एवढ्यावरून झालं.

बाटलीत एरंडेल होतं. पोलंडमधल्या आमच्या लेश्नोत एरंडेल म्हटलं की कुणाला पोट आठवत नाही, शर्यत आठवते. ब्रेक नसलेल्या मोटारसायकली मातीच्या गोल मैदानावर आडव्या होत सुटतात, तेव्हा त्यांच्या इंजिनातून जळक्या एरंडेलाचा गोडसर वास निघतो आणि सगळ्या गावावर पसरतो. लेओकाद्याबाईंचे यजमान झेनोन त्याच मैदानावर मेकॅनिक होते. हयातभर त्यांच्या अंगाला, उशीला, कोटाला हाच वास होता. ते गेल्याला चार वर्षं झाली. उशी धुतली गेली, कोट कुणाला तरी दिला गेला. वास राहिला तो या एका बाटलीत. त्यांच्या उमेदीच्या काळात डबे मिळत नसत म्हणून ते तेल स्वयंपाकाच्या तेलाच्या बाटलीत भरून आणत. शेजारच्या सूर्यफुलाच्या तेलाची बाटली अगदी तशीच होती.

दारात झेनोनचे धाकटे भाऊ लुदविक उभे होते. गळ्यात लाल-पांढरा मफलर, हातात रिकामा पत्र्याचा डबा.

"वहिनी, आज संध्याकाळी जगज्जेतेपदाची फायनल. पोलंड, डेन्मार्क, स्वीडन, ऑस्ट्रेलिया. आपल्या गावात! आणि तू घरात अशी तोंड पाडून?"

"तोंड माझं असंच आहे. या, बसा. डबा कशाला आणलात?"

"धिरडी. बटाट्याची. मैदानावर न्यायला. दादा असता तर तू केलीच असतीस."

"दादा असते तर तुम्ही डबा घेऊन आला असतात का? इथेच बसून संपवली असती."

तरी त्यांनी बटाटे किसायला घेतले. लुदविक खुर्ची ओढून बसले, आणि ज्यासाठी आले होते ते हळूच काढलं.

"क्लबाने तुला दोन जागा दिल्यात म्हणे. पहिल्या वळणावर."

"दिल्यात."

"एकीवर तू."

"हो."

"आणि दुसरीवर?"

"तुमचे दादा."

लुदविकनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "वहिनी, माझं तिकीट पलीकडे उभ्याचं आहे. डोळ्यांवर ऊन. गुडघा असा."

"भावजी, लग्न झाल्यापासून मी त्या वळणावर एकटी बसलेय. ते खाली मशिनींच्या घोळक्यात. म्हणायचे, आपल्या गावात फायनल आली ना, की त्या दिवशी मी हात काळे करणार नाही. तुझ्याशेजारी साहेबासारखा बसेन. आता फायनल आली. जागा त्यांची आहे. रिकामी राहील. नाताळच्या आदल्या रात्री आपण एक ताट जास्तीचं मांडतोच ना?"

"ते ताट अवचित येणाऱ्या माणसासाठी असतं! आला तर त्याला वाढतो आपण. हाकलत नाही!"

"तुम्ही अवचित आलाय होय? महिनाभर रोज येताय."

लुदविकना राग आला म्हणजे त्यांना हाताला काम लागे. ते उठले, तवा शेगडीवर ठेवला आणि जवळ उभी असलेली बाटली उचलून त्यात ओतली. जन्मात कधी स्वयंपाक केला नव्हता, त्यामुळे तेल किती घालावं आणि कसं दिसावं याची त्यांना कल्पना नव्हती. लेओकाद्याबाईंची पाठ होती, त्या कांदा किसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तवा तापला. वास सुटला.

दोघंही थांबली.

खिडकी उघडी होती. सकाळपासून मैदानावर सराव चालू होता, इंजिनांचा आवाज मधूनमधून येत होता.

"वहिनी, आला वास?"

"आला."

"आज किती जवळून येतोय."

"वारा इकडचा असेल."

तव्याशेजारी उभं राहून दोघांनी डोळे मिटून घेतले. लुदविकना आठवलं की लहानपणी दादा त्यांना मोटारसायकलच्या टाकीवर बसवून अंगणात फिरवत असे. लेओकाद्याबाईंना काय आठवलं ते त्या कुणाला सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. मग त्यांनी तेल जळू नये म्हणून डोळे पुसून धिरडी घालायला सुरुवात केली. नाक चोंदलेलं, मन भरलेलं. तेल कमी पडलं की लुदविक उत्साहाने आणखी ओतत होते.

साखर भुरभुरवून लुदविकनी उभ्याउभ्या भरपूर खाल्ली. "थोडी जड झालीत, पण चव काही वेगळीच आहे गं. दादाची आठवण येते." उरलेली सगळी डब्यात भरून ते निघून गेले. लेओकाद्याबाईंच्या वाट्याला एकही आलं नाही.

दुपारी त्या आवराआवर करायला लागल्या. सूर्यफुलाची बाटली फळीवर गळ्यापर्यंत भरलेली. शेगडीजवळची हलकी लागली. त्यांनी ती उजेडात धरली. तळाला जेमतेम चमचाभर.

त्या खुर्चीवर बसल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, झेनोन आता खरंच गेले. आणि गेले तेही भावाच्या पोटात. मग लक्षात आलं की भावाच्या पोटात गेले म्हणजे तिथे राहणार नाहीत. त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि मैदानाकडे धावल्या.

मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती. पलीकडच्या गर्दीत हजारो लाल-पांढरे मफलर. त्यातला लुदविकचा कुठला ते देवालाच ठाऊक. लेओकाद्याबाईंनी हात हलवला, तर समोरच्या हजार लोकांनी हात हलवला. शेवटी त्या पहिल्या वळणावर आपल्या जागेवर येऊन बसल्या. शेजारची जागा रिकामी होती. पलीकडच्या डॅनिश माणसाने, लाल झेंडा मांडीवर घेऊन, खुणेनेच विचारलं, इथे कोणी आहे का?

"माझा नवरा," लेओकाद्याबाई म्हणाल्या. त्याने मान डोलावली आणि आपला झेंडा आवरून जागा मोकळी ठेवली.

सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर उडाली. चार देशांचे चौघं सुटले, वळणावर आडवे झाले, मातीचा फवारा आला, आणि मागोमाग तो वास. बाटलीतला नव्हे, जिवंत, तापलेला. लेओकाद्याबाई वळून म्हणाल्या, "बघितलंत, लाल हेल्मेटवाल्याने आतली बाजू कशी सोडली?"

दुसऱ्या शर्यतीला त्या म्हणाल्या, "ह्याचं इंजिन खोकतंय." तिसरीला म्हणाल्या, "तुम्ही असतात तर खोकलं नसतं." चौथीला त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. फायनल होती, वळण होतं, वास होता, आणि जागा रिकामी होती. ती इतकी रिकामी असेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

मग माती सारखी करायला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवर फ्लोरियान, लुदविकचा जिवलग मित्र. पहिलं वळण त्याने छान केलं. दुसऱ्या वळणावर ट्रॅक्टर हळू झाला. मग थांबला. फ्लोरियान सीटवर ताठ बसला, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. मग त्याने खाली उडी मारली आणि जगज्जेतेपदाच्या फायनलच्या मधोमध ट्रॅक्टर चालू सोडून कुंपणाकडे असा पळाला की सगळं मैदान उभं राहिलं. कोणाला काहीच कळेना. ध्वनिक्षेपकावरून तांत्रिक अडचण सांगण्यात आली. स्वीडनचे लोक टाळ्या वाजवू लागले.

लेओकाद्याबाईंना कळलं. त्या उठल्या आणि शौचालयाच्या दिशेने गेल्या. तिथे लांब रांग होती, आणि रांगेच्या शेवटी, भिंतीला टेकून, लुदविक. तोंड पांढरं, लाल तेवढा मफलरच.

"वहिनी, मी मरतोय."

"मरत नाही. कुणाकुणाला दिलीत धिरडी?"

"फ्लोरियानला. दोन ऑस्ट्रेलियावाल्यांना, पाहुणे म्हणून."

"आपल्या पोरांना नाही ना? खेळणाऱ्यांना?"

"द्यायला गेलो होतो गं. दारावरच्या राखणदाराने आत सोडलं नाही. डबाच काढून घेतला."

"मग?"

लुदविकनी रांगेच्या पुढच्या टोकाकडे बोट केलं. तिथे टोपी काखेत मारून राखणदार दार बडवत होता.

लेओकाद्याबाईंनी सुस्कारा सोडला. मग बाटलीचं सांगितलं. लुदविक ऐकत राहिले.

"सगळं संपवलं मी? दादाचं?"

"सगळं."

"मला वाटलं वारा आहे," असं म्हणून लुदविक भर रांगेत रडायला लागले. पोटाचं दुखणं आणि हे दुखणं त्यांना वेगळं करता येईना. "मला जागा गुडघ्यासाठी नको होती गं वहिनी. त्या वळणावरून दादा खाली दिसायचा. पलीकडून कधी दिसला नाही."

लेओकाद्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. झेनोनसारखं काहीच नव्हतं त्या तोंडात, कान सोडून.

"चला, तिकडे येऊन बसा."

"बसवत नाही ना!"

"एक मिनिट बसवेल?"

"एक मिनिट... बसवेल."

"शर्यत मिनिटाचीच असते. मग या पळून परत."

आणि तसंच सुरू झालं. फीत उडायच्या आत लुदविक येत, ओठ आवळून बसत, चार फेऱ्या होईपर्यंत वहिनीशी कडाकडा भांडत, "आतली बाजू सोडली नाही, त्याला ढकललं!" "डोळे तपासा!" आणि चौथी फेरी संपताच उठून पळत. डॅनिश माणसाने पहिल्या वेळी त्यांचा हात हातात घेऊन हलवला. पुढच्या वेळी त्यांना वाट करून दिली. फ्लोरियान परत ट्रॅक्टरवर चढला तेव्हा त्याच्यासाठी झालेला जयघोष कुठल्याच खेळाडूला मिळाला नव्हता.

शेवटच्या शर्यतीआधी पोलंड आणि डेन्मार्क गुणांत बरोबरीत होते. सगळं मैदान उभं राहिलं. चौघं फितीपाशी येऊन थांबले. लुदविकचा पत्ता नव्हता.

"कुठे राहिले हे?" लेओकाद्याबाई मागे वळल्या. पायऱ्या रिकाम्या. इंजिनं चढायला लागली. "अहो भावजी!" त्या बाकावर चढल्या, डोक्यावरचा रुमाल काढून शौचालयाच्या दिशेने हलवायला लागल्या. "पळा! सुटतायत!" पाठीमागे फीत उडाली, मैदान ओरडलं, मातीचा फवारा त्यांच्या पाठीवर आला. त्या रुमाल हलवत राहिल्या. तिसऱ्या फेरीला रांगेतून एक मफलर सुटला आणि पायऱ्या चढू लागला, कमरेचा पट्टा धरून, गुडघा ओढत. "या, या, या!" लेओकाद्याबाईंनी हात पुढे करून लुदविकना वर ओढलं. दोघंही धापा टाकत वळली, तेव्हा मैदानावर मोटारसायकली हळू झाल्या होत्या आणि चहूकडे लोक गळ्यात पडत होते, आणि काही डोकं धरून बसले होते.

"काय झालं? वहिनी, कोण जिंकलं?"

"मी तुमची वाट बघत होते. मला काय माहीत?"

दोघांनी शेजारी पाहिलं. डॅनिश माणूस खाली बसून आपला झेंडा काठीला गुंडाळत होता.

"जिंकलो," लेओकाद्याबाई हळूच म्हणाल्या आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून दोघंही निमूटपणे बसून राहिली.