संघात कोण नाही?

भारताचा संघ जाहीर झाला की सगळी दुनिया त्यात कोण कोण आहे ते वाचते. आमचे हुक्केरीकर अण्णा कोण नाही ते वाचतात. पंधरा नावं पेपरात आली की ती पंधरा माणसं त्यांच्या दृष्टीनं तिथंच संपली. "हे पंधरा कुणीपण वाचील की. ह्यात नाही तो कोण, ते बघा. आणि का नाही, ते विचारा!" असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवतात आणि समोरच्याकडे असं बघतात, जसा काही निवड समितीच्या बैठकीत तोच चहा घेऊन गेला होता.

बंगळूरला येलहंक्यात आमच्या इमारतीत अण्णा चौथ्या मजल्यावर राहतात, मी तिसऱ्या. म्हणजे त्यांच्या शंका थेट माझ्या डोक्यावर. मूळचे बेळगावकडचे, पण सगळी नोकरी इथं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, तीही तपासणी विभागात. दुसऱ्यांनी केलेला माल हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि नापास करायचा. निवृत्तीनंतर माल येणं थांबलं, नापास करणं थांबलं नाही.

मला ते 'अक्का' म्हणतात. मी त्यांच्याहून चांगली लहान आहे, तरी अक्का. सुरुवातीला मला राग यायचा, मग कळलं की इथं तो मानाचा शब्द आहे, आणि मान तेवढाच. कारण मला क्रिकेट कळतं यावर त्यांचा काही केल्या विश्वास बसत नाही. पुण्यात मी कॉलेजच्या संघात यष्टीमागे उभी राहायची, बँकेत लागल्यावरही खेळले. एकदा मी सहज म्हटलं, "अण्णा, त्या डावखुऱ्याला वगळलं ते बरोबरच आहे, ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू त्याला सोडताच येत नाही." अण्णा थांबले. इकडे तिकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

घ्या! म्हणजे मला डोळे नाहीत, मला कुणीतरी आतून बातम्या पुरवतंय!

सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याउभ्या कॉफी पिताना त्यांचा दरबार भरतो. आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी रेड्डी, मी, आणखी दोघंतिघं. पेपरात येतं, 'अमुक खेळाडूचा स्नायू दुखावल्यामुळे तो खेळणार नाही.' अण्णा विचारतात, "कुठला स्नायू? डावा का उजवा? नाव का देईनात स्नायूचं?" पेपरात येतं, 'कर्णधाराला विश्रांती देण्यात आली आहे.' अण्णा म्हणतात, "त्यानं मागितली होती का? दमलो म्हणून अर्ज दिला होता का? पाणी मुरायलंय कुठंतरी." आणि सगळ्यात जास्त त्यांचं डोकं फिरतं ते एका वाक्यानं. 'निवड समिती कारणं देत नाही.' हे वाचलं की त्यांच्या कपातली कॉफी बशीत सांडते. "का देत नाही? आमचा संघ हाय की नाही? कारण नाही म्हणजे लपवायलेत. लपवायलेत म्हणजे खायलेत!"

हे फक्त क्रिकेटपुरतं असतं तर मी कौतुक केलं असतं. पण लिफ्ट बंद पडली की ती 'पाडलेली' असते. नारळवाल्यानं शहाळं पाच रुपयांनी स्वस्त दिलं तर ते घेत नाहीत. दिवाळीला मी लाडू नेऊन दिले तर डबा उघडण्याआधी विचारलं, "आज काय विशेष?" अहो, दिवाळी विशेष! वहिनी आतून कपाळावर हात मारत आल्या आणि माझ्या हातातला डबा काढून घेऊन गेल्या.

तर, मध्यंतरी भारताचा कॅप्टन बदलला तेव्हा अण्णांनी हॉटेलात इतका गदारोळ केला की रेड्डी वैतागले. कर्नाटक राज्योत्सवाची आमच्या भागातली टेनिस बॉलची स्पर्धा जवळ आली होती. शेजारच्या इमारतीशी आमचा पहिलाच सामना. रेड्डी म्हणाले, "अण्णा, स्वल्प ऐका. ह्या वर्षी आपला संघ तुम्हीच निवडा. एकटे. कॅप्टनसुद्धा तुम्हीच ठरवा. आम्ही एक शब्द बोलणार नाही."

दुसरा कुणी खूश झाला असता. अण्णा दोन दिवस 'मलाच का?' एवढंच विचारत फिरत होते. शेवटी कबूल झाले, आणि मग पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत जी निवड चाचणी झाली ती काय सांगू! बॅटिंगला आलेल्या प्रत्येकाला आधी प्रश्न, "तुला इथं ये म्हणून कुणी पाठवलं?" एकानं सलग तीन चौकार मारले तर बॉल हातात घेऊन दाबून बघितला. मी हसून हसून बेजार.

यादी तयार झाली. लिफ्टशेजारच्या फळ्यावर रविवारी सकाळी लागली. आणि आमच्या इमारतीत पहिल्यांदाच सगळ्यांनी ती अण्णांसारखी वाचली. कारण तिच्यात मंजुनाथचं नाव नव्हतं.

मंजुनाथ म्हणजे आमचा कायमचा कॅप्टन. जुन्या बसस्टँडजवळ त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. कुणाचा फ्यूज उडो, कुणाचा गीझर बिघडो, मंजू हजर. पैसे द्यायला गेलं की "असू दे अक्का, नंतर बघू." चाळिशी ओलांडली तरी पहिल्या षटकाला धावत यायचा. त्याची आई, गिरिजम्मा, प्रत्येक सामन्याला खुर्ची टाकून सीमारेषेवर बसायची आणि पंचाला कन्नडमधून मनसोक्त शिव्या घालायची. बिचारीच्या मणक्याचं ऑपरेशन कधीपासून खोळंबलं होतं, भीतीनं ती तयारच होत नव्हती. त्या महिन्यात कुठं कशीबशी हो म्हणाली होती.

असा मंजू संघात नाही. कॅप्टन तर नाहीच, बारावाही नाही. आणि कॅप्टन कोण? अनिकेत. पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेला, सॉफ्टवेअरमधला, पोरगा बरा खेळतो, पण इमारतीत निम्म्या लोकांना त्याचं नाव माहीत नाही. आणि, कुणी बोललं नाही तरी सगळ्यांच्या मनात आलं ते माझ्याही मनात आलं: अण्णांसारखाच मराठी.

रेड्डींनी हॉटेलात विचारलं, "अण्णा, मंजू का नाही? कारण काय?"

अण्णांनी कॉफीचा घोट घेतला, आणि म्हणाले, "निवड समिती कारणं देत नाही."

मला ठसका लागला. अहो, हे वाक्य! ह्या तोंडातून!

मंजूला विचारलं तर तो हसून म्हणाला, "अण्णांनी ठरवलंय ना? सरी, बिडी." म्हणजे ठीक आहे, सोडा. तो असा समजूतदारपणे हसला म्हणून तर लोक जास्तच पेटले. ग्रुपवर एकानं लिहिलं, 'पाणी मुरतंय'. दुसऱ्यानं विचारलं, 'कुठला स्नायू?' तिसऱ्यानं लिहिलं, 'बेळगावची माणसं शेवटी कुणाची, ते कळलं.' हे वाचून मात्र मी फोन बंद करून ठेवला. ज्या माणसाला आयुष्यभर तिकडचे इकडचा म्हणाले आणि इकडचे तिकडचा, त्याला हे किती लागलं असेल ते बाहेरून आलेल्या मला काय कळणार?

पण खरं सांगते, त्या वेळी माझाही राग अनावर झाला होता. इतकी वर्षं अण्णांनी मला संशय घ्यायला शिकवलं, मग मी काय मागं राहते? अनिकेतच्या आईनं गौरीत ह्यांच्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या होत्या, मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. मी जिन्यात गाठलंच त्यांना. "अण्णा, कारण नाही म्हणजे लपवताय. तुमचंच म्हणणं आहे. पुरणपोळ्या गोड लागल्या ना?"

त्यांचा चेहरा पडला. "अक्का, तुम्हीपण?" एवढंच म्हणाले आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून कॉफीला यायचे बंद झाले. आम्हालाही वाटलं, बरं झालं, आता शांतपणे पेपर वाचता येईल. चार दिवसांत लक्षात आलं की कुणालाच पेपर वाचायचा नव्हता.

सामना झाला आणि आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. अनिकेत बिचारा चांगला खेळला, तरी शेवटच्या षटकात चौकार गेला तेव्हा सगळ्यांनी वळून बघितलं ते अनिकेतकडे नाही, झाडाखाली एकटे उभे असलेल्या अण्णांकडे. तेवढ्यात गिरिजम्मा उठली. कमरेवर हात ठेवत, एकेक पाऊल टाकत झाडापर्यंत गेली. दोनच दिवसांनी तिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. सगळ्यांच्या देखत तिनं विचारलं, "नन्न मगन्न याके तेगदे?" माझ्या मुलाला का काढलंस?

आता हा माणूस फाडफाड बोलणार, असं मला वाटलं. अण्णांनी दोन्ही हात जोडले. मान खाली घातली. "तप्पायतु, अम्मा," म्हणाले. चुकलो.

कधी चुकलो न म्हणालेला माणूस! मला विजय झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण शेजारी उभा असलेला मंजू डोळे पुसत होता, आणि मला त्याचा अर्थ लागेना.

अर्थ लागला तो पंधरा-वीस दिवसांनी. गिरिजम्माचं ऑपरेशन नीट पार पडलं, ती घरी आली, आधार घेऊन चालायला लागली. मग एका सकाळी मंजू हॉटेलात आला आणि आम्हा सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय. अण्णांनी मला काढलं नाही. मीच त्यांना म्हटलं, मला काढा."

त्याच्या छातीत दुखत होतं. डॉक्टरनी तपासून बजावलं होतं की आता पळायचं नाही, लवकरच हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घालावी लागणार. पण आईला कळलं असतं तर ती स्वतःच्या ऑपरेशनला गेलीच नसती, 'आधी माझ्या मुलाचं' म्हणून हटून बसली असती. स्वतःहून खेळत नाही म्हणावं, तर तिनं का म्हणून विचारलं असतं, आणि आईपुढं त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणून त्यानं अण्णांना गाठलं. मला वगळा, आणि कारण कुणालाही सांगू नका. आईला बरं वाटल्यावर त्यानं काल तिला सगळं सांगितलं, आता पुढच्या आठवड्यात त्याची पाळी.

मी कॉफी तशीच टाकून चौथा मजला गाठला. दार अण्णांनीच उघडलं. मी उंबऱ्यातच सुरू झाले. "अण्णा, धन्य आहे तुमची! एवढं लोक बोलले. मी बोलले. मला तरी सांगायचं!"

"त्यानं सांगू नका म्हटलं होतं की."

"आणि तुम्ही ऐकलंत? तुम्ही? डॉक्टर कोण, रिपोर्ट कुठाय, काही विचारलं नाहीत?"

अण्णा खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाही विचारलं, अक्का. ह्या इमारतीत कुणाचं ठरलं, कुणाचं मोडलं, मला सगळ्यांत शेवटी कळतंय. ह्याला सांगितलं की हा शंभर प्रश्न विचारणार म्हणून कुणी सांगतच नाही. माझी पोरगीसुद्धा फोनवर हिलाच सांगतीय सगळं. मी विचारलं तर म्हणतीय, काही नाही बाबा, सगळं ठीक." त्यांनी उंबऱ्याकडे बोट केलं. "त्या दिवशी मंजू वर आला आणि तुम्ही उभ्या आहात तिथं उभा राहिला. बायकोलाही नव्हतं सांगितलेलं, ते मला सांगितलं. मला भीती वाटली हो. एक प्रश्न विचारला असता तर पोरगा उठून गेला असता."

आमच्या घरातसुद्धा काही झालं की मी नवऱ्याला हेच म्हणायची, अण्णांना एवढ्यात नको. मी आत आले, स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. दहा दिवस झाले होते, आम्ही अजून कुणालाही सांगितलं नव्हतं, माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. ते मी त्यांना सांगितलं.

अण्णांचे डोळे बारीक झाले. ओठ हलले. प्रश्न अगदी जिभेवर आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला, आणि आत वळून वहिनींना म्हणाले, "अगो, अक्का आलीय. कॉफी टाक. स्वल्प जास्तच टाक."