सालांचे वाडगे

बायकोला मदत करायची नाही, हा आमच्या संसारातला सर्वात यशस्वी नियम. तो मी मोडला.

आमच्या इमारतीत एकटी राहणारी सहा म्हातारी माणसं आहेत. बायको त्यांना रोज संध्याकाळी सूप करून पाठवते, प्लास्टिकच्या डब्यांतून. एकदा ऑफिसात टेबलाखाली मासिक धरून वाचताना (साहेब रजेवर होते) मला कळलं की, बटाट्याच्या सालांपासून मातीत विरघळणारं प्लास्टिक होतं. ठरवलं, वाडगे आपणच करायचे!

सालं वाटली, गाळली, खाली बसलेला साका घेतला. त्यात व्हिनेगर आणि ग्लिसरीन घालून गॅसवर ढवळत बसलो. औषधवाल्यानं ग्लिसरीन देताना विचारलं, "ओठ फुटलेत का?" म्हटलं, "नाही, वाडगे करायचेत." त्यानं सुट्टे पैसे जरा लांबूनच दिले.

तो चिकट लगदा बायकोच्या वाडग्यांवर थापून चार दिवस गॅलरीत वाळवला. सहापैकी दोन सुटेचनात. ते आजही तसेच आहेत. उरलेल्या चारांत पाणी भरून पाहिलं. थेंब गळला नाही. (पाणी गार होतं. सूप गरम असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.)

पाचव्या दिवशी बायको दातांच्या डॉक्टरकडे गेली. "सूप डब्यांत भरून द्या, बाकी काही करू नका," एवढंच बजावून.

मी पहिला वाडगा घेऊन दुसऱ्या मजल्यावर हेडसरांकडे गेलो. निवृत्त हेडमास्तर. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नी गेल्या, तेव्हापासून डबा निम्मा परत यायचा आणि सर खिडकीशी बसून राहायचे. मी वाडगा त्यांच्या हातात दिला आणि पर्यावरणावर बोलू लागलो.

"अहो, हे मऊ लागतंय," सर म्हणाले.

"नैसर्गिक आहे ना, सर!"

"खाली वाकतंय."

"लवचीक आहे!"

"सूप कुठं गेलं?"

मी पाहिलं. "तुमच्या पायजम्यावर, सर."

सुदैवानं तोवर सूप कोमट झालं होतं. मी घाबरून टॉवेल शोधू लागलो, तो पाय घसरून त्याच सुपात बसलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या लगद्याकडे पाहिलं, आणि हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "ही असती तर..." म्हणाले आणि थांबले. मग पुन्हा हसले. मीही तसाच बसून राहिलो. उठवेना.

घरी आल्यावर बायकोनं आधी माझी पँट पाहिली. पण सर हसले हे ऐकून ती नवा डबा घेऊन स्वतः खाली गेली. त्या दिवशी डबा रिकामा परत आला.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. बायको ऐकत होती, मान डोलावत होती. मी छाती फुगवून विचारलं, "वाडगे हवेत ना?"

"नाही. रोज तुम्हाला पाठवा म्हणाले, गप्पा मारायला."

"बघ! आणि शोधाबद्दल?"

"म्हणाले, सुपाला त्यांचा स्टीलचा डबा घेऊन जा. एवढी सोपी गोष्ट आपल्या घरात कुणालाच कशी सुचली नाही, याचं त्यांना शिक्षक म्हणून वाईट वाटतंय."