लझरच्या गाडीला थंडी वाजली

लझरचा मधला मुलगा इलियास याचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलगी सेतीफच्या वरच्या डोंगरातली, आणि लग्न जानेवारीत. वाळवंटातल्या वर्गलाची माणसं थंडीच्या धास्तीने जानेवारीत उत्तरेकडे फिरकत नाहीत, पण मुलीच्या बापाने तीच तारीख धरून ठेवली. तेव्हा नवरी आणायला आठ गाड्या पहाटे निघाल्या. सगळ्यांत पुढे लझरची जुनी पांढरी गाडी, आणि मागच्या बाकावर त्याची सासू हद्दाबाई, मांडीवर मेंदीचा डबा घेऊन.

हद्दाबाईंचं वय सत्त्याऐंशी. त्यांच्या घराण्यात नवरीच्या तळहातावर पहिली मेंदी सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईने ठेवायची, मगच नवरी उंबरा ओलांडते. निघतानाच त्यांनी बजावलं होतं, "मी येते, जावईबापू. पण मला हुडहुडी भरली की गाडी माघारी फिरवायची. मग तुमचा मुलगा बिनलग्नाचा राहिला तरी चालेल."

वाटेतलं बातना मागे पडलं आणि लझरच्या समोर, काट्यांशेजारी, इंजिनाचा पिवळा दिवा लागला. लझरने गरम हवेची कळ पूर्ण फिरवली. आतून वारा आला, तो बाहेरच्यापेक्षा गार.

"जावईबापू," मागून आवाज आला, "माझे गुडघे गेले."

"गेले म्हणजे?"

"आहेत की नाहीत ते कळत नाही."

लझरने गाडी कडेला घेतली. मागच्या सात गाड्याही थांबल्या. दुसऱ्या गाडीतून त्याचा मेहुणा बूझीद उतरला. हद्दाबाईंचा हा थोरला मुलगा. वर्गलात तीस वर्षं त्याचं गॅरेज होतं, आणि या आठही गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. त्याने बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं.

"पाणी कमी असेल," तो म्हणाला. पाणी भरपूर होतं.

"मग वारा लागतोय. रेडिएटर झाकूया."

झाकायला पुठ्ठा हवा होता, आणि पुठ्ठा होता तो लग्नाच्या मिठाईच्या, बकलाव्याच्या खोक्याचा. बकलावा थाळीत काढून हद्दाबाईंच्या मांडीवर ठेवला, मेंदीचा डबा त्यांच्या पायाशी गेला. पुठ्ठा अर्धाच पुरला. मग बूझीदने आईच्या अंगावरची घोंगडी मागितली.

"इंजिनाला?"

"थोडाच वेळ, आई."

"सत्त्याऐंशी वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, बूझीद. ही घोंगडी मागते."

घोंगडी वाचली. गाडी दहा किलोमीटर गेली. दिवा तसाच, वारा तसाच. आता हद्दाबाई बोलेनाशा झाल्या, आणि लझर खरा घाबरला. सेतीफच्या अलीकडे एक गॅरेज दिसलं, तिथे त्याने गाडी वळवली.

गॅरेज वर्दिया नावाच्या बाईचं होतं. तिने आधी हद्दाबाईंना शेगडीजवळ बसवलं, मग गाडीला तपासणीचं यंत्र लावलं. वरातीतले सगळे पुरुष भोवती जमले.

"पी शून्य एक दोन आठ," यंत्रावर आलेला बिघाडाचा आकडा वाचत वर्दिया म्हणाली. "काका, तुमच्या इंजिनाला थंडी वाजतेय."

लझरला हसू आलं. "पोरी, ही वर्गलाची गाडी आहे. हिला अठरा वर्षांत कुणी गार म्हटलेलं नाही. तुझं यंत्र बिघडलंय."

"असेल. दुसऱ्या गाडीला लावून बघू." तिने बूझीदच्या गाडीला यंत्र लावलं. पी शून्य एक दोन आठ.

"म्हणजे यंत्रच," बूझीद म्हणाला. पण त्याच्या बायकोने तेवढ्यात खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "यंत्र कशाचं? बिस्क्रापासून आपलाही दिवा लागलाय. यांनी त्यावर चिकटपट्टी लावली, भावोजींना दिसू नये म्हणून."

मग एकेक उघड झालं. तिसऱ्या गाडीत दिव्यावर जपमाळ टांगली होती, चौथीत रुमाल. आठही गाड्यांत दिवा लागलेला, आठही गाड्यांत माणसं गोठत आलेली. आपल्याच गाडीने लग्नात लाज आणली असं वाटून प्रत्येक जण मुकाट बसला होता. खिडकीतून हात काढून मागच्याला "मजेत" म्हणून खुणावतही होता.

वर्दियाने लझरच्या इंजिनावरचं एक झाकण खोललं आणि आत बोट घातलं. "काका, इथे थर्मोस्टॅट असतो. पाण्याची झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. गाडीतली ऊबही त्याच तापलेल्या पाण्याची. कुठे आहे?"

लझरने बूझीदकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"ती?" बूझीद म्हणाला. "ती मी काढतो. गाडी आली की पहिली तीच काढतो. आमच्याकडे पन्नास अंश उन्हाळा. तिथे पाणी अडवून ठेवायचं म्हणजे काय?" आणि त्या रिकाम्या जागेत डोकावत, "ती असते हेच मी विसरलो होतो."

वर्दियाकडे या मापाचा एकच थर्मोस्टॅट निघाला. नवा होता, तरी तिने तो चहाच्या पातेल्यात उकळायला टाकला. आठ पुरुष पातेल्याभोवती वाकले. पाणी तापलं आणि झडप हळूहळू उघडली, तेव्हा अंड्यातून पिल्लू निघावं तसे सगळे खूश झाले. हद्दाबाईही घोंगडीसकट उठून आल्या.

"गार असली की बंद, ताप लागला की उघडी," त्या म्हणाल्या. "दोन बोटांच्या वस्तूला एवढी अक्कल." आणि मुलाकडे पाहत राहिल्या.

"आई, वर्गलात—"

"वर्गलात तुझं खरं. इथे गप्प बस."

झडप लझरच्या गाडीत बसली. पंधरा मिनिटांत दिवा विझला आणि आतून अशी ऊब आली की हद्दाबाईंनी घोंगडी काढून ठेवली. मग इतर गाड्यांतल्या बायका नि पोरं एकेक करून तिच्यात शिरली. अकरा माणसं झाल्यावर लझरने दार लावून घेतलं. मागच्या सात गाड्यांत फक्त पुरुष उरले, आणि बकलावा. डोंगरातल्या त्या घरासमोर वरात पोचली तेव्हा पुरुषांचे दात वाजत होते आणि बकलावा संपला होता.

मेंदी ठेवायला हद्दाबाईंनी नवरीचा हात हातात घेतला. नवरीच्या आईने हद्दाबाईंचा हात मुद्दाम चाचपला. "वाळवंटातून आलात, तरी हात किती ऊबदार," ती म्हणाली. "पोर सुखात राहील." लझरने बूझीदकडे पाहिलं नाही, एवढं सौजन्य त्याने दाखवलं.

जूनमध्ये वर्गलात त्याच गाडीचा तापमानाचा काटा वर चढू लागला. लझरने ती बूझीदकडे नेली. बूझीदने बॉनेट उघडलं, झाकण खोललं आणि कपाळाला हात लावला. "भावोजी, हे बूच कुणी बसवलं?" उत्तराची वाट न पाहता त्याने झडप काढली. पण या वेळी ती भंगारात टाकली नाही, फडक्याने पुसून आईकडे नेऊन दिली. हद्दाबाईंनी ती मेंदीच्या डब्यात ठेवली. इलियासच्या धाकट्या भावालाही उत्तरेकडचीच मुलगी सांगून आली होती.

तिलाही पहिली मेंदी हद्दाबाईंनीच लावली, आणि त्याही वेळी झडप पुन्हा गाडीत बसवलेली होती. हद्दाबाई वारल्या त्या इलियासच्या लग्नानंतर चौथ्या वर्षी, मार्च महिन्यात, वर्गलात आपल्या घरी, झोपेत.