तिसरा वाढपी

आमच्या भरे गावात पंगत असली की वानखेडे सर जेवायला बसत नाहीत. ते वाढतात, आणि तेही फक्त तिसरा पदार्थ. आधी मीठ, मग लोणचं, मग कोशिंबिरीचं भांडं घेऊन सर. त्यांच्याआधी कुणी भाजी घेऊन घुसला की त्याचं मनगट धरतात. "थांबा. तिसरं लागल्याशिवाय चौथं लागत नसतं." भुकेली माणसं तेव्हा सरांकडं कशा नजरेनं बघतात, ते तुम्हीच समजून घ्या.

सर मूळचे अमरावतीकडचे. कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. मुलीला, सईला, हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं आले. बायको वारलेली, घरात बाप-लेक दोघंच. गावात कुणी कशाबद्दलही विचारो, सर फिरून पेशीवर येतात.

सरांचं म्हणणं असं, की शरीरातली पेशीसुद्धा पंगत वाढते. पान म्हणजे एक लांबलचक प्रथिन, वाढपी म्हणजे एन्झाइम. त्यावर ठरलेल्या जागी पहिला वाढपी झायलोज नावाची साखर ठेवतो. दुसरा त्याला गॅलॅक्टोज जोडतो, तिसरा पुन्हा गॅलॅक्टोज, चौथा ग्लुकुरोनिक आम्ल. एवढं झालं तरच पुढं दोन-दोन साखरांची लांब माळ चढते. यादी कुणाच्याच हातात नसते. आधीच्यानं काय जोडलं ते ओळखून पुढचा हात चालवतो. तयार झालेल्या वस्तूला प्रोटिओग्लायकन म्हणतात. त्या माळा पाणी धरून ठेवतात, म्हणून गुडघ्यातली गादी शाबूत राहते. मी उरवड्याच्या कारखान्यात पॅकिंग बघतो, त्यामुळं हे मला आईपेक्षा लवकर कळलं असा माझा समज आहे.

आई मात्र सगळं ऐकून म्हणाली, "सर, माझ्या रक्तात लई साखर हाय. मग ती गुडघ्यात का जाईना?" सर हसले नाहीत. चहा पार निवेपर्यंत तिला समजावत बसले.

तिसऱ्या वाढप्याचं वेड कुठून आलं, ते सईला बघितलं की कळतं. तिच्या पेशींत तो तिसरा वाढपी जन्मापासून अधू आहे. माळा पुरेशा चढत नाहीत. उंची लहान मुलीएवढी राहिली, हाडं नाजूक, सांधे सैल. भऱ्याहून हिंजवडीला जाताना एखाद्या खड्ड्यात खांदा निखळतो. दात-ओठ आवळून ती तो स्वतःच बसवते आणि कामावर जाते. यावर औषध नाही. सरांनी उभा जन्म ती साखळी शिकवली, पण पोटच्या पोरीसाठी त्यांना काही करता आलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

यंदा सईनं ऑफिसजवळ चांद्याला खोली बघितली. सर म्हणाले, नोकरी सोड. ती म्हणाली, नोकरी नाही, हा रस्ता सोडते. मग दोघांचं बोलणंच बंद झालं. सर आमच्या ओट्यावर बसून आईला प्रोटिओग्लायकन आणि सईचा खांदा सांगायचे, आई शेंगा फोडत ऐकायची. एका संध्याकाळी तिनं सूप बाजूला ठेवलं.

"सर, तुमी नुसता खांदा सांगताय. ह्यात पोरगी कुटं हाय?"

 सर उठून वर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच टेम्पो ठरवला.

रविवारी सामान चढलं. सई पिशवी घेऊन खाली आली. सर नेहमीसारखे तिच्यापासून दोन हात लांब उभे होते. एकदम आईला म्हणाले, "वहिनी, लहानपणी हिला उचलताना माझ्या हातून हिचा खांदा निखळला. तेव्हापासून हिला कधी जवळ घेतलं नाही." वर्गात सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला.

सईनं पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"घ्या बाबा. निखळला तर माझा मी बसवते."

सर अंगणातच गुडघ्यांवर बसले. त्यांचे हात तिच्या पाठीमागं बराच वेळ अधांतरी राहिले, मग हळूच टेकले. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं.