घासून लख्ख केलेली साखळी

"आज हा वास गेला नाही, तर दादा आला की मी त्याच्याबरोबर घरी चालले," बायकोनं नाकावर उशी दाबून जाहीर केलं. "मग बसा एकटे पाण्यात!"

कप्तानांच्या अंगाचा तिळपापड झाला. कप्तान म्हणजे जन्मभर कारकुनी करून निवृत्तीनंतर शिडाची बोट घेतलेले गृहस्थ. वास नांगराच्या साखळीचा होता. दहा मीटर साखळी पाण्यात आणि उरलेली तीस, मागच्या सगळ्या मुक्कामांच्या चिखलासकट, उशीपलीकडच्या खणात. बोट धक्क्याला बांधा, असं बायको दोन वर्षं सांगत होती. "बांधायला ती काय म्हैस आहे?" हे कप्तानांचं ठरलेलं उत्तर. मेहुण्यांना, म्हणजे तिच्या दादाला, तर बोट विकायला लावण्यासाठी निमित्तच हवं होतं.

कप्तानांनी नांगर उचलला, इंजिन सुरू केलं, सुकाणू बायकोच्या हाती दिलं, "बोट हळूहळू गोल फिरवत राहा," म्हणाले आणि तारेचा ब्रश घेऊन फतकल मारून बसले. एकेक कडी आतून, बाहेरून, साबण लावून. शेवटची कडी खणाच्या तळाला दोरीनं बांधलेली होती. तीही सोडून घासली. उगाच कुणी नावं ठेवायला नको.

"अहो, चक्कर यायला लागली मला!"

"घासणं म्हणजे काय असतं, ते बाईमाणसाला मी सांगायचं?"

"मी घासते तेव्हा कोण सुकाणू धरतं हो?"

कप्तानांनी पुढच्या कडीला साबण लावला. दुपारी साखळी चांदीसारखी झाली. खण धुतला, पुसला आणि साखळी आत रचली. तेवढ्यात मेहुणे छोटी होडी वल्हवत आले.

"भाऊजी, थांबवा ना बोट!"

"नांगर टाका की," बायको म्हणाली.

"टाकू? त्या चिखलात? आत्ता घासलीय मी ती!"

"मग काय कपाटात ठेवायचीय?"

बोट पुढे, होडी मागे. तिसऱ्या फेरीला मेहुण्यांना धाप लागली. "विका हे डबडं!" ते ओरडले. बायकोनं इंजिन बंद केलं, तरातरा पुढे आली आणि साखळी अडवून धरणाऱ्या रहाटाची खिट्टी काढली. खडखडखडखड करत चाळीस मीटर साखळी निघाली. शेवटची कडी क्षणभर उन्हात चमकली आणि गेली. दोरी पुन्हा बांधायला कप्तान विसरले होते.

बोट वाहायला लागली. नाइलाजानं इंजिन सुरू करून तिला धक्क्याला नेऊन बांधावं लागलं. होय, म्हशीसारखं.

मेहुणे बोटीवर चढून खालच्या झोपायच्या खोलीत उतरले. उशीजवळ वाकून त्यांनी दोनदा खोल श्वास घेतला.

"वास नाही. छान स्वच्छ आहे की! राहा सुखानं दोघं."

"दादा, सहा तास घासलीय मी साखळी!" कप्तान उसळले. "सहा तास! आणि तुम्ही कौतुक कसलं करताय, रिकाम्या खणाचं?"

"कौतुक तुमचंच हो," मेहुणे म्हणाले.

बायको उशीला नवा अभ्रा घालत होती. "मी कुठे जात नाही," ती म्हणाली. "फक्त नवी साखळी आणलीत, तर तिच्या शेजारी तुम्ही झोपायचं."