आता वाचत नाहीत

‘आपण का वाचता?’ एवढंच विचारणारं वाचनालयाचं पत्र काकांनी उत्तर न देता ठेवून दिलं होतं. काका निवृत्त मुद्रितशोधक. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे स्वतःचं वाक्य लिहायला त्यांचा हात धजत नसे. त्यातच ते एके दिवशी आपल्याच चष्म्यावर बसले; नवा करायला टाकला होता. वाचन बंद पडलं, आणि त्याबरोबर घरातलं बोलणंही.

अशात वाचनालयातल्या बाईंचा फोन आला. काकूंचं निम्मं लक्ष कढईत.

“काकू, काका दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत?”

“अगं, ते आता वाचत नाहीत.”

“काय सांगता! किती दिवस म्हणाले?”

“फार तर आठवडा.”

“फार त्रास होतोय का हो?”

“त्यांना कसला? मलाच होतोय. नुसते गप्प पडून असतात. एकदाचं काय ते होऊ दे, म्हणजे सुटले.”

संध्याकाळी बाई आणि वाचनालयाचे सचिव फळं घेऊन दारात हजर झाले. दार काकांनीच उघडलं. चष्मा नसल्याने त्यांना समोर दोन ठिपके दिसले.

“कोण आपण?”

“ओळखतसुद्धा नाहीत हो!” बाई कुजबुजल्या.

“उठलात कशाला?” म्हणत सचिवांनी काकांना धरून कोचावर आडवं केलं. काका पडले भिडस्त. पाहुणे एवढ्या प्रेमाने निजवतायत, तर नाही कसं म्हणायचं? ते निजले.

डोळे पुसायला सचिवांनी खिशातून रुमाल काढला, तशी त्याबरोबर कागदाची एक घडी खाली पडली. काकांनी ती सवयीने उचलून नाकाला लावली. मथळा मोठ्या अक्षरांत होता, तेवढा लागला.

“‘श्रद्धांजली’ चुकलंय,” काका हळूच म्हणाले. “आधी द, मग ध. तुम्ही उलटं जोडलंय. पण गेलं कोण?”

सचिव बाईंकडे बघू लागले. चहा घेऊन आलेल्या काकूही दचकल्या. “अगं बाई, कोण गेलं?”

“तुम्हीच म्हणालात ना काकू, वाचत नाहीत म्हणून!” बाईंना रडू फुटलं.

“अगं, पुस्तकं! पुस्तकं वाचत नाहीत! चष्मा मोडलाय त्यांचा!”

“वाक्यात कर्म राहिलं,” काका पडल्यापडल्या म्हणाले.

सचिवांनी कागद लपवायची धडपड केली. पण काकांना राहवेना. “लिहिलंच आहे तर वाचा की. मथळ्याखाली काय आहे?”

सचिवांनी घसा खाकरला. “‘काका सगळं वाचत, पण का वाचत, हे त्यांनी शेवटपर्यंत कोणालाच सांगितलं नाही...’”

काका उठून बसले.

पाहुणे गेल्यावर ते काकूंना म्हणाले, “ते पत्र काढ. मी सांगतो, तू लिही.”

काकू पेन उघडून बसल्या. काका भिंतीकडे बघत राहिले.

“सांगा ना. भाजी करपतेय.”

“लिही. मला स्वतःचं असं बोलायला काही सुचत नाही. दिवसा वाचलं, की संध्याकाळी हिला सांगायला काहीतरी असतं.”

पेन थांबलं. “‘हिला’ म्हणजे कोणाला, तेही घालू?”

“घाल. नाहीतर पुन्हा घोटाळा व्हायचा.”

काकू लिहू लागल्या. काकांचं सांगून केव्हाच संपलं होतं, तरी पेन चालूच होतं. भाजीचा वास घरभर झाला.

“एवढं काय लिहितेस?”

“वाचनालयात फलकावर लावतील तेव्हा वाचा,” म्हणत काकूंनी पाकीट चिकटवलं, गॅस बंद केला, आणि चपला सरकवून कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकूनच आल्या.